जावाच्या प्रारंभिक अध्यापनासाठीच्या क्लास लायब्ररी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा ही संगणकीय भाषा जाहीर केली आणि अल्पावधीतच ती विद्यापीठीय अभ्यासक्रमांत रूढ झाली. अमेरिकेतील ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेनेही २००३-०४ या वर्षापासून सी प्लस प्लसऐवजी जावाचा स्वीकार केला. तथापि, ही भाषा अध्यापनासाठी घडविलेली नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी शिक्षकांनी रचलेल्या क्लास लायब्ररींचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अडचणीचे स्वरूप :
पडद्यावर एक ओळ छापण्यासाठीही विद्यार्थ्याला क्लास तसेच 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' ही शब्दावली लिहावी लागे. 'हे तूर्त पाठ करा' असे सांगण्यावाचून शिक्षकापुढे गत्यंतर नसे. कीबोर्डवरून एक संख्या वाचणे त्याहून क्लिष्ट होते. २००४ मधील जावा ५ आवृत्तीतील 'स्कॅनर' क्लासमुळे हे काम सुकर झाले, परंतु मूळ सांगाडा तसाच राहिला.

प्रमुख प्रयत्न :
या संदर्भात तीन प्रयत्न उल्लेखनीय ठरतात. विल्यम्स कॉलेजमधील किम ब्रूस, अँड्रिया डॅनिलुक व थॉमस मुर्ताघ यांनी 'ऑब्जेक्टड्रॉ' लायब्ररी विकसित केली. तिच्यात माउसच्या क्लिकला प्रतिसाद देणाऱ्या चित्रांपासूनच शिक्षणाचा आरंभ होतो. एसीएम या संगणकशास्त्रीय संघटनेने २००४ मध्ये स्टॅनफर्डचे एरिक रॉबर्ट्स यांच्या अध्यक्षतेखाली जावा टास्क फोर्स नेमला. त्याचा अंतिम अहवाल २००६ मध्ये आला. त्याच्या लायब्ररीत विद्यार्थी 'कन्सोलप्रोग्राम' अथवा 'ग्राफिक्सप्रोग्राम' या क्लासचा विस्तार करून केवळ 'रन' ही मेथड लिहितो. प्रिन्स्टनच्या रॉबर्ट सेजविक व केविन वेन यांनी मात्र निराळा मार्ग स्वीकारला. 'मेन' कायम ठेवून त्यांनी वाचन, लेखन व रेखाटनासाठी 'स्टडइन', 'स्टडआउट', 'स्टडड्रॉ' असे सुटसुटीत क्लास दिले.

आक्षेप आणि काळाची कसोटी :
अशा लायब्ररीमुळे विद्यार्थी जावा नव्हे, तर लायब्ररीच शिकतो, हा आक्षेप निराधार नाही. कारण व्यावसायिक क्षेत्रात ती लायब्ररी उपलब्ध नसते. शिवाय लायब्ररी ज्या पायावर उभी असते, तो पायाही ढळू शकतो. टास्क फोर्सचा मूळ 'प्रोग्राम' क्लास ॲपलेटवर आधारित होता आणि २०१७ च्या जावा ९ आवृत्तीत ॲपलेट कालबाह्य ठरविण्यात आले. याउलट, सप्टेंबर २०२५ मधील जावा २५ आवृत्तीने क्लासच्या घोषणेविना, साध्या 'मेन'सह प्रोग्राम लिहिण्याची मुभा दिली. 'आयओ' या क्लासने वाचन-लेखनही सोपे केले. वर्गातील शिक्षकांनी जे दोन दशकांपूर्वी ओळखले होते, ते अखेर भाषेनेच मान्य केले.

निष्कर्ष :
सुलभीकरण म्हणजे दर्जाशी तडजोड नव्हे, हे या इतिहासातून स्पष्ट होते. चित्ररेखाटनासाठी आजही साहाय्यक लायब्ररीची गरज भासते. मात्र तिची निवड करताना प्रवेश किती सोपा आहे एवढेच न पाहता, विद्यार्थी तिच्यातून बाहेर कसा पडेल, याचाही विचार अभ्यासक्रमात आरंभीच होणे आवश्यक आहे. आधार केव्हा द्यावा आणि केव्हा काढून घ्यावा, हा निर्णय कोणतीही लायब्ररी घेऊ शकत नाही. तो शिक्षकालाच घ्यावा लागतो.