'चेतावनी' आणि भाषेचा बाजार

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एकास बाजाराने ओळख दिली, दुसऱ्यास रेल्वेने. परभाषेतील शब्द असा नावातच मुरवून घेणाऱ्या या जिल्ह्यातील रॅपगायक सौरभ अभ्यंकर आपल्या नावातील 'सौ' हिंदी अर्थाने घेऊन १०० या अंकाने लिहितो. मुंबईच्या ज्या 'स्वदेशी' गटात तो गाऊ लागला, त्यात मराठी, हिंदी व गुजराती एकत्र नांदत. हे मिश्रण २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपटातील 'इंडिया ९१' या गीताद्वारे मोठ्या बाजारपेठेत पोहोचले. गटाचा स्वतःचा गीतसंग्रह 'चेतावनी' २०२० मध्ये निघाला. त्याच वर्षी मार्चअखेर टाळेबंदी आली आणि रॅपचा हक्काचा बाजार, म्हणजे जाहीर मंच, बंद पडला. उरली ती इंटरनेटवरील श्रवणसंख्या.

ग्रामोफोनच्या काळी ध्वनिमुद्रिकांच्या सूची भाषावार छापल्या जात. त्यांवरून कोणत्या भाषेस किती ग्राहक, याचा अंदाज बांधता येई. बहुभाषिक संग्रहाची श्रवणसंख्या गीताची मागणी सांगते, भाषेची नव्हे. म्हणून 'चेतावनी'चे व्यापारी यशापयश हा मराठी रॅपच्या ग्राहकवर्गाचा पुरावा मानता येत नाही. तो पुरावा चांदूर रेल्वेसारख्या गावांतील तरुण श्रोत्यांच्या बोलीतच शोधावा लागेल.