शांततेची उमेदवारी

इतिहासाच्या पुस्तकात लढायांना सनावळी असते, शांततेला सहसा नसते. प्लासी 1757, पानिपत 1761 हे परीक्षेत हमखास येते. भांडण विकोपाला गेल्यावर दोन्ही बाजूंना पुन्हा बोलते कोणी केले, ती माणसे रोज उठून नेमके काय करत होती, यावर मात्र प्रश्न निघत नाही.

हे आठवायला एक निमित्त झाले. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने एका आंतरराष्ट्रीय शांतता संस्थेत ‘डिजिटल कम्युनिकेशन्स इंटर्न’ या जागेसाठी अर्ज केला. काम असे : संस्थेच्या संकेतस्थळावर मजकूर चढवायचा, फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी चार ओळी आणि एक छायाचित्र तयार करायचे, लहान चित्रफिती जोडायच्या, वार्तापत्र पाठवायचे. मुदत सहा महिने. आपल्या जुन्या भाषेत, उमेदवारी. तिचे आजोबा माझे समवयस्क. ते म्हणाले, "मास्तर, फेसबुकवर चार ओळी लिहून कुठे युद्ध थांबते का हो?"

प्रश्न रास्त आहे. पण या कामाला बराच मोठा इतिहास आहे, आणि तो समजल्याशिवाय उत्तर देणे बरे नव्हे.

1891 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात इंटरनॅशनल पीस ब्यूरो ही संस्था निघाली. देशोदेशी शांतता मंडळे होती, त्यांच्यात दुवा हवा होता. पत्रव्यवहार, पत्रके, परिषदांची तयारी, अहवालांची छपाई अशी सगळी कारकुनी एली द्यूकोमँ या गृहस्थांनी अंगावर घेतली. हे गृहस्थ तरुणपणी शिक्षक होते, नंतर वृत्तपत्राचे संपादक झाले, पुढे एका रेल्वे कंपनीत सचिव. पोटापाण्याची नोकरी रेल्वेत आणि ब्यूरोचे काम बिनपगारी. 1902 चे शांततेचे नोबेल त्यांना आल्बेर गोबा यांच्यासह विभागून मिळाले, 1910 मध्ये ते ब्यूरोलाही मिळाले. आणि 1914 साली पहिले महायुद्ध पेटले! मला वाटते, त्या पत्रकांची मर्यादा हीच होती की ती मुख्यतः आधीच पटलेल्यांच्या हाती पडत. ज्याच्या मनात शेजाऱ्याविषयी धास्ती बसली आहे, त्याच्या घरात ती शिरत नव्हती.

घराघरात शिरण्याची विद्या शांततावाल्यांच्या आधी द्वेष पसरवणाऱ्यांनी नीट साधली, हे कबूल करायला हवे. त्याचे सर्वांत भयंकर उदाहरण आफ्रिकेतल्या रवांडा देशाचे. जुलै 1993 मध्ये तिथे आरटीएलएम नावाचे खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. सरकारी नभोवाणी रुक्ष. हे केंद्र मात्र लोकांच्या बोलीत गप्पा मारी, विनोद करी, आवडती गाणी लावी. तरुण मंडळी कानाला रेडिओ लावून बसत. गप्पांच्या ओघात तुत्सी जमातीच्या लोकांना ‘झुरळे’ म्हटले जाई. 6 एप्रिल 1994 च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि कत्तल सुरू झाली. मग याच केंद्रावरून माणसांची नावे, त्यांचे पत्ते, गाड्यांचे क्रमांक सांगितले जाऊ लागले. सुमारे शंभर दिवसांत सुमारे 8 लाख माणसे मारली गेली. डिसेंबर 2003 मध्ये टांझानियातल्या अरुशा इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या केंद्राच्या दोघा सूत्रधारांना आणि एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवले. अपिलात काही आरोप रद्द झाले, शिक्षा कमी झाल्या, तरी तिघेही सुटले नाहीत. शस्त्र हाती न धरताही माणूस कत्तलीत सामील असू शकतो, हे कायद्याने मान्य केले.

आता शेजारच्या बुरुंडीत जाऊ. तिथेही हुतू आणि तुत्सी याच दोन जमाती. ऑक्टोबर 1993 मध्ये निवडून आलेले पहिले हुतू राष्ट्राध्यक्ष मेल्किओर न्दादाये यांची लष्करातल्या लोकांनी हत्या केली आणि यादवी पेटली. तेव्हाची राजधानी बुजुंबुराच्या वस्त्या जमातवार वेगळ्या झाल्या. या वस्तीतला माणूस त्या वस्तीत जाईना, त्यामुळे तिकडे काय घडले ते फक्त ऐकीव. आणि ऐकीव गोष्टीचे पुढे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे, राईचा पर्वत!

अमेरिकेत जॉन मार्क्स यांनी 1982 मध्ये ‘सर्च फॉर कॉमन ग्राउंड’ ही संस्था काढली होती, तेव्हा विषय होता अमेरिका-रशिया शीतयुद्ध. या संस्थेने 1995 मध्ये बुजुंबुरात ‘स्टुडिओ इजाम्बो’ सुरू केला. स्वतःचे प्रक्षेपण केंद्र नव्हते. कार्यक्रम तयार करून ते दुसऱ्या केंद्रांना द्यायचे. पद्धत साधी होती. हुतू आणि तुत्सी वार्ताहरांची जोडी एकत्र पाठवायची. एकाला हुतू वस्तीत बोलते करता येई, दुसऱ्याला तुत्सी वस्तीत. परत आल्यावर दोघांनी बसून एकच बातमी लिहायची, दोघांना मान्य होईल ते वाक्य ठेवायचे. विचार करा, घरी दोघांचेही कोणी ना कोणी मारले गेलेले असू शकते, आणि इथे मेलेल्यांचा आकडा दोघांनी मिळून पडताळायचा आहे!

याच स्टुडिओने 1997 पासून एक श्रुतिका मालिका केली. लेखिका मारी-लुईझ सिबाझुरी. कथा दोन शेजारी कुटुंबांची, एक हुतू, एक तुत्सी. नावाचा अर्थ ‘शेजारी हेच कुटुंब’ असा काहीसा. भांडणे, लग्ने, संशय, समेट असे सगळे त्यात येई, उपदेश फारसा नाही. शिवाय दुसऱ्या जमातीच्या माणसाला जिवावर उदार होऊन लपवणाऱ्यांच्या खऱ्या हकिकती सांगितल्या जात. शत्रुपक्षातही माणसे आहेत, हे भाषणाने पटत नाही. अमक्या गावच्या अमक्या बाईने काय केले, ते ऐकून पटते.

रेडिओनंतर हेच काम मोबाइल आणि इंटरनेटवर आले. केनियात 27 डिसेंबर 2007 रोजी निवडणूक झाली, निकालावरून दंगली उसळल्या, हजारावर माणसे मेली. सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. बातमी बंद झाली की आवई मोकाट सुटते. जानेवारी 2008 मध्ये ओरी ओकोलो आणि त्यांच्या मित्रांनी ‘उशाहिदी’ हे संकेतस्थळ उभे केले. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ ‘साक्ष’. लोकांनी मोबाइलवरून किंवा इंटरनेटवरून कळवायचे, मंडळींनी शक्य तितके पडताळून नकाशावर खूण करायची. कुठे जाळपोळ झाली आणि कुठे झाली नाही, दोन्ही कळणे तितकेच महत्त्वाचे असते.

उलट बाजूही आहे. म्यानमारमध्ये 2017 मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना देश सोडून बांगलादेशात पळावे लागले. त्यांच्याविरुद्ध विष पसरवण्यासाठी फेसबुकचा वापर झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने 2018 मध्ये नोंदवले, आणि आपण पुरेसे केले नाही, हे त्या कंपनीनेही त्याच वर्षी मान्य केले. आरटीएलएमला निदान एक इमारत होती.

बुरुंडीची गोष्टही सुखान्त नाही. 2002 मध्ये इजाम्बोच्या पत्रकारांनी ‘इसांगानिरो’ हे स्वतःचे केंद्र काढले होते. मे 2015 मध्ये लष्करी उठावाचा प्रयत्न फसला आणि त्या धामधुमीत बुजुंबुराची खासगी केंद्रे उद्ध्वस्त झाली. इसांगानिरोही त्यात होते. सरकारच्या बाजूचे एक केंद्रही सुटले नाही. अनेक पत्रकार देश सोडून गेले. पण त्याच दिवसांत काही पत्रकारांनी ‘एसओएस मेदिया बुरुंडी’ या नावाने फेसबुक आणि ट्विटरवरून बातम्या द्यायला सुरुवात केली. रेडिओ जळला, तेव्हा ‘फेसबुकवरच्या चार ओळी’ एवढाच मार्ग उरला होता. इसांगानिरो 2016 मध्ये पुन्हा सुरू झाले.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. द्यूकोमँ बिनपगारी काम करू शकले, कारण रेल्वेचा पगार होता. 2015 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांत बिनपगारी उमेदवारी करणारा 22 वर्षांचा न्यूझीलंडचा तरुण तंबूत राहतो, ही बातमी जगभर गाजली. त्यानंतर काही संस्थांनी भत्ता सुरू केला, काहींनी नाही. परक्या महागड्या शहरात सहा महिने पदरमोड करणे कोणाला परवडते? ज्यांना परवडते तेच जगाच्या भांडणांविषयी लिहिणार असतील, तर बुजुंबुराची किंवा आपल्या एखाद्या दंगलग्रस्त मोहल्ल्याची मुलगी त्या टेबलाशी बसणार कधी? आणि जोडीतला दुसरा वार्ताहरच नसेल, तर बातमी पुन्हा एकाच बाजूची.

तेव्हा आजोबांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. चार ओळींनी युद्ध थांबत नाही. पण युद्धाची मशागत शब्दांनीच होते, आणि ती करणारी माणसे हुशार असतात, त्यांना लोकांची बोली येते, गाणी ठाऊक असतात. त्यांच्यासमोर गोडगोड सुविचार टिकत नाहीत. आकडा पडताळणे, दोन्ही बाजूंना विचारणे, ज्याचे छायाचित्र लावतो आहोत त्याची परवानगी आणि त्याच्या जिवाचा धोका आधी पाहणे, संशय असेल तर मजकूर न चढवणे, हे कष्टाचे काम आहे. उमेदवारी करून शिकावे असेच आहे. आणि ते शिकवणाऱ्यांनी शिकणाऱ्याच्या जेवणाची सोय करावी, एवढी अपेक्षा फार नव्हे.