टिळक ख्रिस्ती झाले; लक्ष्मीबाईंचं काय झालं?

मंडळी, मिहानमधल्या या सभागृहात बसलेल्यांपैकी बरेच जण नोकरीसाठी घर सोडून आलेले असतील. आज आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, ते नारायण वामन टिळकही पोटासाठीच नागपुरात आले होते. १८९१ च्या सुमारास ते आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचं काम करत होते. त्याच्या बऱ्याच आधी, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले होते. (जाता जाता सांगतो, आपण रोज ये-जा करतो त्या वर्धा रोडनं पुढे, बुटीबोरीपलीकडे टाकळघाट आहे. तिथली शिळावर्तुळं पाहून परतताना १८६३ मध्ये ते ओढ्याच्या पुरात बुडाले.) म्हणजे ख्रिस्ती माणूस नागपूरला नवा नव्हता. पण चित्पावन घरातला कवी ख्रिस्ती होणं, ही गोष्ट वेगळी होती.

१८९३ मध्ये टिळक राजनांदगावला नोकरीच्या शोधात निघाले. रेल्वेच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. बोलणं धर्मावर गेलं, त्यांनी बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. गोष्ट बहुधा इथे संपवतात. आम्हाला मात्र पुढच्या पाच वर्षांपाशी थांबायचं आहे.

कायदा टिळकांच्या बाजूने होता. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क जात नव्हता. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला तर कोर्टात जाऊन शेवटी विवाह मोडूनही घेता येत होता. पण घराचा उंबरठा आणि पंगतीतलं पान यांच्यावर कायद्याचं काय चालणार? सगेसोयरे तुटले. आणि टिळकांनी कोर्टाची वाट धरली नाही. ते थांबले.

आता दुसरी बाजू बघा. लक्ष्मीबाईंचं लग्न १८८० मध्ये झालं, त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांचे आजोबा १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले होते. त्या धक्क्यानंतर वडिलांचं सोवळं इतकं वाढलं, की मीठ-साखरही धुऊन घ्यायचे. अशा घरातली ही मुलगी. तिचा नवरा तिला न विचारता ख्रिस्ती झाला, आणि ती लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाला राहिली. नवरा जिवंत, पण संसार नाही. समाजाने टिळकांवर अन्याय केला हे खरंच. पण बाईंवरचा अन्याय फक्त समाजाने केला असं आम्हाला म्हणवत नाही. त्यात टिळकांचाही वाटा होता. श्रद्धा त्यांची, किंमत तिची.

पुढे दोघं एकत्र आले, तरी बाईंचं पाणी वेगळं, चूल वेगळी. एकाच घरात दोन धर्म नांदत होते, आणि टिळकांनी सक्ती केली नाही. ते वेगळेपण कोणाच्या प्रवचनाने गेलं नाही. जात माणसानेच केली, असं बाईंना स्वतःच्याच विचारातून पटलं, आणि मग त्या कोणाच्याही हातचं पाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. छप्पनच्या दुष्काळाचे ते दिवस.

त्यानंतर सुखच आलं म्हणाल, तर तसं नाही. टिळकांचा हात फार सैल. घरात दाणा असो-नसो, ते देऊन मोकळे. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. भारतीय माणसाला ख्रिस्ताकडे जायला परक्या संस्थेची गरज नाही, ही त्यांची धारणा. धारणा मोठी, पण वाण्याचं बिल कोण भरणार? ९ मे १९१९ ला टिळक गेले. मागे राहिला अपुरा संसार आणि ‘ख्रिस्तायन’ हे अपुरं महाकाव्य.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून वाचायला शिकलेल्या बाईंनी ते काव्य हाती घेतलं आणि पुढचे अध्याय रचत गेल्या. आमच्या दृष्टीने त्यांच्या श्रद्धेचा पुरावा बाप्तिस्म्याच्या नोंदीत नाही, या अध्यायांत आहे. तोवर त्यांच्यावर सक्ती करणारं किंवा त्यांना समजावणारं कोणी उरलं नव्हतं. सोडून द्यायचं असतं तर आता अडवणारंही कोणी नव्हतं.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. त्यात त्या नवऱ्याला साधू करत नाहीत, रडगाणंही गात नाहीत. हसत हसत सगळं सांगून टाकतात, अगदी भांडणंसुद्धा. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. शेवटचा भाग त्यांच्यामागे छापला गेला.