तेलाच्या आधी पोहोचा

७ ऑगस्ट २०१०, शनिवार. सकाळचे दहा वाजून गेलेत. तुम्ही कुलाब्याच्या टोकाला उभे आहात आणि तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नाव आहे. हुद्दा क्षेत्र अधिकारी. पुढचे काही दिवस तुम्हाला हेच आयुष्य जगायचं आहे.

प्राँग्ज दीपगृहाच्या बाजूला एक मोठं मालवाहू जहाज एका कुशीवर कलंडतंय. त्याचं नाव एमएससी चित्रा. न्हावा-शेव्याहून बाहेर पडताना मुंबई बंदरात येणाऱ्या खलिजिया-३ या जहाजाशी त्याची टक्कर झाली. चित्रावर १,२१९ कंटेनर आहेत आणि त्यांतल्या ३१ कंटेनरमध्ये कीटकनाशकांसारखा घातक माल आहे. टाक्यांमध्ये इंधन-तेल आहे, २,६६२ टन. जहाज आणखी झुकतं तसे वरच्या थरातले कंटेनर सुटून पाण्यात पडू लागतात. खलाशांना वाचवलं गेलंय, ही बातमी येते तेव्हा तुम्ही पहिला मोकळा श्वास घेता. पण वाऱ्यावरून तेलाचा जड, डोकं चढवणारा वास येऊ लागलाय.

फोन वाजायला लागतो. पलीकडचा प्रत्येक जण विचारतो, हे कुणाकडे येतं? याचं उत्तर कागदावर आहे. तेलगळतीशी लढण्याचा राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून लागू आहे. त्यानुसार खुल्या समुद्रावरचं तेल तटरक्षक दलाचं, बंदराच्या हद्दीतलं बंदराचं आणि किनाऱ्याला लागलेलं राज्य सरकारचं. तेलाला मात्र हद्द कळत नाही. एका भरतीत ते तिन्ही हद्दी ओलांडतं. तटरक्षक दलाची जहाजं आणि हेलिकॉप्टर निघाली आहेत. त्यांचं काम साऱ्या देशाला दूरचित्रवाणीवर दिसणार आहे, आणि ते दिसावं असंच आहे. तुमचं काम कुणाला दिसणार नाही.

तुम्ही सगळ्यात आधी यादी मागता. कुठल्या कंटेनरमध्ये काय आहे, किती आहे, त्याला पाणी लागलं तर काय होईल? एवढ्या गोंधळात अधिकारी यादी कशाला मागतोय, असं शेजारच्या हवालदाराला वाटतं. त्याचं उत्तर हवं असेल तर क्षणभर मागे जा, ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटेच्या भोपाळला. कारखान्यातून विषारी वायू सुटलाय आणि हमीदिया रुग्णालयाच्या व्हरांड्यात माणसं ओळीने निजवली आहेत. डॉक्टर विचारताहेत, कुठला वायू आहे, उपाय काय? खात्रीने सांगणारं कुणी नाही. कारखान्यात काय साठवलंय, किती साठवलंय, फुटलं तर गावाने काय करायचं, हे गावाला सांगण्याचं बंधन तेव्हा नव्हतं. त्या रात्रीनंतर १९८५ मध्ये केंद्रात पर्यावरणाचं स्वतंत्र मंत्रालय झालं. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्या कलम ५ ने सरकारला कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज-पाणी तोडण्याचा अधिकार दिला. १९८९ चे नियम आले ते घातक रसायनांच्या साठ्यांसाठी आणि १९९६ चे आले ते रासायनिक अपघातांत जिल्ह्याजिल्ह्यात आपत्ती गट असावेत म्हणून. तुम्ही मागताय ती यादी भोपाळच्या मृतांनी मिळवून दिलेली आहे. ती हातात आली की परत या.

रविवार. आता ज्या गोष्टीसाठी तुम्हाला इथे आणलंय ती करा. तेलाकडे जाऊ नका, तेलाच्या पुढे जा.

जीप वाशीचा पूल ओलांडून उरणच्या वाटेला लागते. मागे शीतपेटी आणि तपकिरी काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्या आहेत. प्लास्टिकची बाटली चालत नाही, कारण तेल तिच्या आतल्या बाजूला चिकटून राहतं आणि प्रयोगशाळेत आकडा खोटा निघतो. पाण्याने बाटली आधी विसळायचीही नाही. एकदाच भरायची, थेंब-थेंब आम्ल घालून बर्फात ठेवायची. खाडीच्या तोंडाशी, जिथे अजून तेलाचा तवंगही नाही, तिथे गुडघाभर चिखलात उतरून तुम्ही वरचा चिखल चमच्याने खरवडून काचेच्या बरणीत घेता. खडकावरची कालवं सुरीने सोडवता. एखादी चिंबोरी घेता. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, ठिकाण, भरती की ओहोटी, आणि सही.

काठावरून पाहणाऱ्या पोरांना हे विचित्र वाटतं. तेल तिकडे आहे आणि हा माणूस स्वच्छ चिखल गोळा करतोय! पण मुंबईची खाडी ही कारखान्यांची, सांडपाण्याची, जहाजांच्या घाणीची खाडी आहे. उद्या कोर्टात कुणीतरी म्हणणारच की हा चिखल आधीपासूनच तेलकट होता. त्याला एकच उत्तर आहे, तेल यायच्या आदल्या दिवसाची बरणी. ती संधी एका भरतीपुरती असते. गेली की कितीही मोठी समिती नेमा, कालचा चिखल परत मिळत नाही. माझ्या मते आपत्तीत पर्यावरण खात्याचं सगळ्यात निकडीचं काम हेच आहे, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात कमी बोललं जातं. दुसरा नमुना थेट तेलाचा, जहाजाजवळचा. प्रत्येक तेलाची रासायनिक घडण वेगळी असते. किनाऱ्यावरचं तेल याच जहाजाच्या टाकीतलं आहे, हे बोटाच्या ठशासारखं जुळवून दाखवता येतं.

बांधावर एक कोळीण टोपली टेकवून बसली आहे. पावसाळी बंदी उठायला आठवडा आहे, नारळी पौर्णिमा २४ तारखेला. होडी रंगवून तयार आहे.

"साहेब, म्हावरं खावाचं का नाय, येवढं सांगा."

"मावशी, तपासणी होईपर्यंत तेल लागलेल्या खडकावरची कालवं काढू नका. शिवल्याही नकोत. खोल समुद्रातल्या मासळीचं वेगळं आहे, पण त्याचा अहवाल यायला दिवस लागतील."

"दिवस? आन तवर आमी काय इकायचं?"

तुमच्याकडे उत्तर नाही. कालवं-शिवल्या पाणी गाळून जगतात, म्हणून तेलातली घातक द्रव्यं त्यांच्या अंगात साचतात आणि लवकर निघत नाहीत. मासे ती बऱ्यापैकी बाहेर टाकू शकतात. एवढा फरक वेळेवर, स्वच्छ मराठीत, प्रत्येक बाजारात सांगितला गेला असता तर काही कुटुंबांची चूल वाचली असती. मंगळवारी आषाढी अमावास्या आहे, गटारी. श्रावणापूर्वीचा मासळीचा सगळ्यात मोठा दिवस. मुंबईकर मासळीकडे पाठ फिरवतात आणि विक्री कोसळते. खोल समुद्रातून आलेल्या, तेलाचा स्पर्शही नसलेल्या मासळीलाही गिऱ्हाईक नाही. भीतीला बाजारात मोकळं सोडलं की ती चांगलं-वाईट निवडत बसत नाही.

मंगळवार, १० ऑगस्ट. अमावास्येची भरती दुपारी बाराच्या सुमारास, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही माहीत असतं. उधाण आहे. पाणी रोजच्यापेक्षा वर चढतं, आणि त्याच्यासोबत तेल तिवरांच्या आत शिरतं. घारापुरी, उरण, वाशी. सगळीकडून फोन.

ओहोटीला आत जा. चिखलातून वर आलेली तिवरांची श्वासमुळं बघा. झाड त्यांच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं, कारण खालच्या चिखलात प्राणवायूच नसतो. आता त्यांच्यावर काळा, चिकट थर बसलाय. निवट्या नेहमीसारख्या उड्या मारत नाहीत. बाहेर रस्त्यावर एक टेम्पो थांबतो आणि फावडी-घमेली घेऊन चांगल्या मनाची तरुण मंडळी उतरतात. त्यांना आत जायचंय, तेल काढायचंय.

तुम्ही त्यांना अडवता. आत एक पाऊल टाकलं की वरचं तेल पायाने चिखलात दाबलं जातं. तेल खाणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू लागतो, आणि खालच्या चिखलात तो नाही. वर राहिलेलं तेल लाटा, ऊन आणि जीवाणू मिळून काही काळात संपवतील. दाबलेलं तेल वर्षानुवर्षं तिथेच राहील. तेल फोडणारं रसायन फवारायचं का, असं कुणी विचारतं. उथळ पाण्यात नाही. तिथे ते रसायन तेलाचे बारीक थेंब करून कालवांच्या तोंडी देतं. वाळूच्या किनाऱ्यावर मात्र हात भरून काम आहे. तरुणांना हातमोजे आणि गमबूट देऊन तिकडे पाठवा. खरवडलेली तेलकट वाळू पोत्यांत भरायची, कुठल्याही खड्ड्यात पुरायची नाही. ती आता घातक कचरा आहे, तिची जागा तळोज्याचं विल्हेवाट केंद्र. पुढे तेल खाणारे जीवाणू वापरून किनारा साफ करण्याचं काम टेरी ही संस्था करणार आहे. थांबा, असं लोकांच्या तोंडावर सांगणं किती अवघड असतं, हे त्या दुपारी तुम्हाला कळतं. ठामपणे नाही म्हणायला अभ्यास लागतो आणि पाठीशी उभं राहणारं खातं लागतं.

अंदाजे ८०० टन तेल सांडलं, असं पुढे सांगितलं जाईल. जहाजांच्या इंधन-तेलाच्या नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार त्या वेळी भारताने स्वीकारलेला नव्हता, म्हणून भरपाईची वाट आणखी खडतर.

आता वेगाने पुढे चला. ४ ऑगस्ट २०११, जेमतेम वर्ष झालंय. मुंबईपासून काही मैलांवर एमव्ही राक कॅरियर हे कोळशाचं जहाज बुडतं, साठ हजार टनांहून जास्त कोळसा आणि इंधन-तेल पोटात घेऊन. २०१२ मध्ये राज्यात कांदळवन कक्ष सुरू होतो. तिवरांना निदान आपलं स्वतःचं एक कार्यालय मिळतं. राक कॅरियरच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवाद १०० कोटी रुपये भरपाईचा आदेश देतो तो २३ ऑगस्ट २०१६ ला, पाच वर्षांनी.

शेवटचा थांबा केरळ, २०२५. २५ मे रोजी कोचीजवळच्या समुद्रात एमएससी एल्सा-३ बुडतं. ६४० कंटेनर, त्यांतल्या १३ मध्ये घातक माल. प्लास्टिकचे बारीक मणी लाटांबरोबर कोल्लम आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर येतात. स्वयंसेवक ते वाळूतून चाळून वेचताहेत. राज्य सरकार ही घटना राज्याची आपत्ती म्हणून जाहीर करतं आणि जुलैत उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा दाखल करतं. न्यायालय बुडालेल्या जहाजाच्या कंपनीशी संबंधित दुसरं जहाज विळिंजमला अडकवून ठेवण्याचा आदेश देतं.

या दाव्याची फोड वाचा. मच्छीमारांच्या नुकसानीचे सुमारे ५२६ कोटी आहेत. पर्यावरणाच्या हानीचे ८,६२६ कोटी. समुद्रतळ, पाणी, मासळीची पैदास यांचं नुकसान रुपयांत मोजायला कुणीतरी बसलं, आणि राज्य त्या आकड्यामागे कोर्टात उभं राहिलं. २०१० च्या उरणहून आलेल्या तुम्हाला याचं महत्त्व सांगायला नको. आता इथे प्रतिवादीच्या वकिलाचा पहिला प्रश्न कुठला असेल हेही तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेच्या फडताळात आहे की नाही, हे जहाज बुडण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरांहून लांब आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक खाडीच्या मुखाशी पावसाळ्याआधी आणि नंतर, काहीही घडलेलं नसताना, चिखलाची आणि कालवांची एकेक बरणी भरून ठेवायला हवी. त्यासाठी जीप, काचेच्या बाटल्या, बर्फ आणि पुरेसे क्षेत्र अधिकारी लागतात. पुढच्या अर्थसंकल्पात ही माणसं मागा.