'बिशप' या शब्दाची वाटचाल

इंग्रजीतील 'बिशप' आणि फ्रेंचमधील 'एव्हेक' हे दोन शब्द उच्चारून पाहा. दोहोंचा अर्थ एकच: ख्रिस्ती धर्मप्रांताचा प्रमुख. रोमन लिपीत लिहिल्यास मात्र त्यांत एकही अक्षर समान नाही. तरीही हे शब्द एकाच कुळातले आहेत.

त्यांचे मूळ ग्रीक 'एपिस्कोपोस' या शब्दात आहे. 'एपि' म्हणजे वर आणि 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा. अर्थात देखरेख करणारा. आरंभी हा शब्द धार्मिक नव्हताच. इ. स. पूर्व ५व्या शतकात अथेन्स आपल्या अंकित नगरांत जे निरीक्षक पाठवी, त्यांनाही हेच नाव होते. पुढे ख्रिस्ती मंडळींनी तो आपल्या प्रमुखांसाठी स्वीकारला.

लॅटिनने त्याचे 'एपिस्कोपुस' केले. मग ज्याने त्याने तो आपल्या जिभेला रुचेल तसा घडविला. इंग्रजांनी व जर्मनांनी आरंभीचा स्वर टाकून 'बिशप' व 'बिशोफ' केले. इटलीत 'व्हेस्कोव्हो', स्पेनमध्ये 'ओबिस्पो', पोर्तुगालमध्ये 'बिस्पो' झाले. फ्रेंचमध्ये आधी 'एव्हेस्क' झाले, मग त्यातील 'स' गळाला. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ साली स्थापन झाला, तो याच पोर्तुगीजांच्या काळात.

अरबीत हाच शब्द 'उस्कुफ' झाला. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची हकीकत सीरतच्या ग्रंथांत वाचताना तो तुम्हांस भेटेल. शाळेतील 'टेलिस्कोप'मधला 'स्कोप' त्याच घराण्यातला. संस्कृतातील 'पश्यति' म्हणजे पाहतो आणि 'स्पश' म्हणजे हेर, यांचे नातेही भाषाशास्त्रज्ञ त्याच मूळ धातूशी जोडतात.

यातून आपण काय घ्यावे? मुलांना उर्दू शिकवावी, मराठी की इंग्रजी, हा वाद आपल्या घराघरांत होतो. एक भाषा आली म्हणजे दुसरी गेली, असे भय त्यामागे असते. परंतु एक शब्द इतक्या भाषांत राहून आला आणि प्रत्येकीने त्याला आपलासा केला. त्यामुळे कोणतीच भाषा गरीब झाली नाही. मग आपल्या मुलांनी तीन भाषा मनापासून शिकल्या, तर त्यांचे काय बिघडणार आहे?

आणखी एक गोष्ट. आज मानाची वाटणारी ही पदवी मुळात कामाचे नाव होती: लक्ष ठेवणारा. 'पालक' हा शब्दही तसाच आहे. शाळेत नाव घातले म्हणजे पालकाचे कर्तव्य संपले असे नाही. मूल रोज काय शिकते, हे पाहणाऱ्यालाच तो शब्द शोभतो.