दोह्याच्या निकालपत्रातील दोन ओळी

शर्यतीचा निकाल वाचणारा सहसा पहिल्या तीन नावांपाशीच थांबतो. परंतु १२ ऑक्टोबर २०१६ रोजी कतारमधील दोहा येथे झालेल्या जागतिक सायकल अजिंक्यपदाच्या एका शर्यतीचे निकालपत्र भारतीयाने खालपर्यंत वाचावे असे आहे. ४० किलोमीटरांचे अंतर जर्मनीच्या टोनी मार्टिनने ४४ मिनिटे ४२ सेकंदांत तोडले. ताशी ५३ किलोमीटरांहून अधिक वेग, आणि तोही वाळवंटाच्या उन्हात! या प्रकारातील हे त्याचे चौथे जगज्जेतेपद. त्याच यादीत, बरेच खाली, बंगळूरचा नवीन जॉन आणि त्याचा सहकारी अरविंद पंवार ही दोन भारतीय नावे प्रथमच उमटली.

ही शर्यत घोळक्याची नव्हे, घड्याळाशी आहे. एकेक स्वार ठरावीक अंतराने सुटतो. दुसऱ्याच्या पाठीआड राहून वारा चुकविण्याची मुभा त्यास नसते. १९२१ साली कोपनहेगन येथे या अजिंक्यपदाचा प्रारंभ झाला, तोही याच पद्धतीने, १९० किलोमीटरांवर. घोळक्याच्या शर्यतीत फार मागे पडलेल्यास पंच वाटेतच थांबवितात; त्याच्या नावापुढे वेळ लागतच नाही. येथे मात्र शेवटी पोहोचणाऱ्यालाही सेकंदासेकंदाचा हिशेब मिळतो. नवख्या देशाचे पहिले पाऊल येथे पडले, हे उचितच झाले.

नवीन जॉन हा शिक्षणाने अभियंता. अमेरिकेत इंडियाना राज्यात शिकत असताना त्याला शर्यतीची गोडी लागली. मायदेशी परतल्यावर तो राष्ट्रीय विजेता झाला. देशातील पहिला क्रमांक जगातल्या पहिल्या क्रमांकापासून किती मिनिटे दूर आहे, ते त्या दिवशी दोह्याच्या घड्याळाने सांगितले.