पॅलेस्टाईनचा कैवार व मुंबईचे कागद

सनदा, महजर व करीने जपणाऱ्या संग्राहकांची दृष्टि वर्गणीच्या पावतीवर सहसा पडत नाहीं. परंतु पॅलेस्टाईनसाठीं मुंबईनें केलेल्या खटपटीचा इतिहास अशाच फुटकळ कागदांत शोधावा लागतो.

या संबंधाचें मूळ खिलाफत चळवळींत आहे. तिच्या मध्यवर्ती समितीचें ठाणें मुंबईंत होतें. भायखळ्याचें खिलाफत हाऊस ही त्याची खूण. जेरुसलेमच्या अल्-अक्सा मशिदीच्या जीर्णोद्धारासाठीं 1923-24 सालीं तेथील शिष्टमंडळ हिंदुस्थानांत वर्गणी मागत फिरलें. मौलाना महंमद अली 4 जानेवारी 1931 रोजीं लंडन येथें वारले. त्यांचें दफन जेरुसलेमास झालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांचे बंधु शौकत अली तेथील इस्लामी परिषदेस हजर होते. 1933 सालीं खुद्द मुफ्ती अमीन अल्-हुसेनी विद्यापीठाच्या निधीसाठीं इकडे आले.

एवढ्यावरून ही केवळ धर्मबंधुत्वाची बाब ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. 27 सप्टेंबर 1936 चा पॅलेस्टाईन दिन काँग्रेसनें पाळला. आणि 2025 सालीं गाझासाठीं आझाद मैदानावर सभेची परवानगी मागणारे तर कम्युनिस्ट होते! मुंबई उच्च न्यायालयानें जुलैंत याचिका फेटाळली. पुढें पोलिसांनीं परवानगी दिली व ऑगस्टांत सभा झाली. न्यायालयाचे कागद दप्तरीं राहतीलच. सभेचीं पत्रकें कोणीं जपलीं असल्यास त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें.